पहिल्या शब्दाचा अर्थ

वाई
९ जुलै २०२३

श्रीमती माया यांस,

आज सकाळी साडेपाचला उठलो. दूध आणले. नऊला वीज गेली ती अकराला आली. पाकिटे काल पोस्टातून आणून ठेवली होती. आता चार वाजले आहेत. पुष्करला जाऊन आज पंचवीस दिवस झाले.

आपण दोनदा फोन केलात, मी उचलला नाही. राग मानू नये. मला फोनवर बोलता येत नाही. मोजणी खात्यात चौतीस वर्षे काढली. तेव्हाही साहेबांचा फोन आला की मी 'लेखी पाठवतो' म्हणत असे.

आपण इस्पितळातून पाठवलेला निरोप मला उशिरा मिळाला. म्हणून भेटीला येता आले नाही, एकदम मातीलाच आलो.

इकडे दिवस करण्याचे विचारायला घाटावर गुरुजींकडे गेलो होतो. ते म्हणाले, "चिंतामणराव, एक तर बापाने मुलाचे करण्याची वेळ येऊ नये. त्यातून त्याने धर्म बदललेला. मी गोत्र काय उच्चारू? राहू द्या." ते वाईट बोलले नाहीत. चहा दिला. पण माझ्याकडे करण्यासारखे काही उरले नाही.

एक विचारायचे होते. माती लोटण्याआधी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हात वर करून म्हटले, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने. मी मागे कुंपणापाशी उभा होतो. त्यांचा-माझा परिचय नाही. तरी त्यांनी पहिल्यांदा बापाचे नाव घेतले, मग मुलाचे, मग त्याच्या आत्म्याचे. मी त्याच्याशी सहा वर्षे बोललो नव्हतो, हे तिथल्या सर्वांना माहीत असणार. मला वगळले असते तरी कुणी काही म्हटले नसते. वगळले नाही. हे आपण त्यांना सांगितले होते का?

ते वाक्य मला रोज आठवते. त्याचा पूर्ण अर्थ कळवावा. एखादी पुस्तिका असल्यास पाठवावी.

चिं. गो. गद्रे


सांगली
१८ जुलै २०२३

ती. बाबांस,

आमच्यात पत्रात सलाम लिहितात. तुम्हाला नमस्कार लिहिते.

तुमचं पत्र वॉर्डातल्या जेवणाच्या सुटीत वाचलं, घरी येऊन परत वाचलं. सून असूनही मला तुमचं अक्षर माहीत नव्हतं. पुष्करचा 'ष' तुमच्यासारखाच होता, पोट फोडल्यासारखा.

पाळकसाहेबांना मी काही सांगितलं नव्हतं. ते शब्द आमच्यात नेहमीच म्हणतात, आणि पित्याचं नाव नेहमी पहिलं असतं. कुणालाही वगळत नाहीत.

या तिघांना मिळून त्रैक्य म्हणतात. तीन, पण एक. लहानपणी रविवारच्या शाळेत मी त्याची प्रश्नोत्तरं पाठ केली होती आणि एक खोडरबर बक्षीस मिळवलं होतं. त्यापुढे विचार करायची वेळ आली नाही. पुस्तिका शोधते. सापडली तर पाठवते.

तुम्ही जेवता ना वेळेवर?

माया


वाई
६ ऑगस्ट २०२३

चि. माया हिस,

पत्र मिळाले. जेवतो.

तू मायन्यात ती. लिहिलेस. जुन्या रीतीप्रमाणे तीर्थरूप फक्त स्वतःच्या आईवडिलांना लिहायचे असते, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. ही चूक कळवावी असे पहिल्यांदा वाटले, मग वाटले की राहू द्यावी. मीही आता तुला अगं-तुगं लिहीत आहे.

तीन पण एक, यावर विचार केला. मला जे माहीत आहे त्यावरूनच मला समजते. सातबाऱ्यावर बापलेकांची नावे असतात. नावे वेगळी, जमीन एक, हिस्से पडलेले नाहीत. अशा जमिनीत कुणी बांधावर उभे राहून 'एवढे माझे' म्हणू शकत नाही. वाटणीची मोजणी मागितली की आम्ही जायचो, आणि मग खुणा रोवल्या जायच्या. त्या दिवशी कुणीतरी रडायचेच. बहुतेक करून ज्याने मोजणी मागितली तोच.

आमच्या घरी मोजणी मागितली ती मी. तुला वाटत असेल की मी पुष्करला काही टाकून बोललो. तसे नाही. बाप्तिस्मा घेणार हे सांगायला तो आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. मी 'बरं' म्हणालो. तो अर्धा तास बसला. पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही, त्यालाही नाही. तो गेला. मग रोज थोडे थोडे अवघड होत गेले.

तुमच्यात असा हिस्सा पडत नाही असे दिसते. बाप, मुलगा आणि मुलाचा आत्मा एकाच खात्यावर राहतात, एक जण गेला तरी. हे मी बरोबर समजलो का? वाडीच्या दत्तासारखे आहे का? तिथेही तीन मुखे आणि देव एक.

पुस्तिका सापडली का?

बाबा


सांगली
२९ ऑगस्ट २०२३

ती. बाबांस,

मी पाळकसाहेबांना विचारलं. एक ओळखीचे विचारतात असं म्हटलं. दत्ताचं नाव काढल्यावर ते हसले. "सांगलीत आल्यापासून ज्याला त्रैक्य सांगायला जावं तो वाडीच्या दिशेला बोट दाखवतो." मग म्हणाले, तसं नाही. तीन कामं करणारे तीन देव नाहीत. एकाच देवाने घेतलेली तीन सोंगंही नाहीत. मी विचारलं, मग आहे काय? तर म्हणाले, "माया, इथपर्यंत सांगून झालं की मीसुद्धा चहा मागवतो."

तुमच्या सातबाऱ्याचंही सांगितलं. ते त्यांना आवडलं, पण पुरतं बसत नाही म्हणाले. जमिनीत प्रत्येकाचा तिसरा हिस्सा तरी असतोच. इथे तिघांतला प्रत्येक जण पूर्ण आहे. तिसरा हिस्सा कुणाचाच नाही. मला हे ऐकताना समजल्यासारखं वाटलं, बाहेर येऊन गाडी सुरू करेपर्यंत गेलं.

दुसरं म्हणजे कबरीवरच्या दगडाचं. माती बसायला एक पावसाळा जावा लागतो. दिवाळीनंतर बसवू. मिरजेच्या रस्त्यावर कृष्णात म्हणून दगड घडवणारे आहेत, आमच्या बऱ्याच लोकांचं तेच करतात. दगडावर काय लिहायचं ते तुम्ही सांगाल का? मला काही सुचत नाही.

पुस्तिका अजून सापडली नाही.

माया


वाई
२१ सप्टेंबर २०२३

चि. माया हिस,

यंदा गणपती बसवला नाही. शेजारचे म्हणाले, तुम्हाला सुतक कसले?

दगडाचे काम मला दिलेस याबद्दल काय लिहू? तीन दिवस तेच करत होतो. कपाटातून स्केल आणि रोटरिंग पेन काढले. पेन वाळले होते, गरम पाण्यात ठेवल्यावर चालले. सोबत आराखडा जोडला आहे. प्रमाण एकास पाच. दगडाची उंची अडीच फूट, रुंदी दीड फूट धरली आहे. अक्षरांची उंची व दोन ओळींमधले अंतर बाजूला दिले आहे. मजकूर असा:

पिता : चिंतामण
पुत्र : पुष्कर
पवित्र आत्मा : —

तिसऱ्या ओळीपुढे काही कोरायचे नाही, नुसती रेघ. आत्म्याला नाव नसते.

त्याच्या जन्ममृत्यूच्या तारखा खाली, लहान अक्षरात. कारागिराला सांग की 'त्र' नीट काढावा. पुष्कळ जण तो 'ञ'सारखा काढतात.

पाळकसाहेब जे वाक्य तोंडाने बोलले ते आता दगडावर राहील. माझे त्याच्याशी जे राहिले ते राहिलेच. पण निदान कुणी तिथून गेले तर वाचेल की याला बाप होता, आणि दोघांचे नाव एकत्र घेतले गेले.

बाबा


सांगली
१४ ऑक्टोबर २०२३

ती. बाबांस,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे.

तुमचा आराखडा घेऊन मी कृष्णातकडे गेले. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला. म्हणाले, "ताई, काय रेघ हाय वो! असा कागद मला आजवर कुनी दिला न्हाई." मग वाचला. "हे वरचं आजोबा जिवंत हायत न्हवं? जित्या माणसाचं नाव दगडावर मी घालत न्हाई. आन हे पिता म्हंजे तुमचा देव न्हवं का? मी तुमच्या इतक्या लोकांचे दगड केले, पित्याम्होरं कवा कुनाचं नाव लिवलं न्हाई." त्यांना कळलं. ते काही ख्रिस्ती नाहीत.

घरी आले तर आई म्हणाली, "त्यास्नी खरं सांगून टाक की गं. कागदावर चुकलं तर खोडता येतंय. दगडावर चुकलं की झालं."

बाबा, त्या वाक्यातला पिता म्हणजे तुम्ही नाही. पिता म्हणजे देव. पुत्र म्हणजे पुष्कर नाही, येशू. आणि पवित्र आत्मा म्हणजे गेलेल्या माणसाचा आत्मा नव्हे, तोही देवच. हे वाक्य आमच्यात बाप्तिस्म्याला म्हणतात, लग्नात म्हणतात, माझी आई भाकरीवर हात धरूनही म्हणते. पाळकसाहेबांनी त्या दिवशी तुम्हाला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच तुमची समजूत मला कळली होती. तेव्हाच लिहायला हवं होतं. तुम्ही लिहिलं होतं, मला वगळले नाही. त्याच्यापुढे मी 'नाही' कसं लिहू? म्हणून मी असं लिहिलं की जे खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. पुस्तिका पहिल्या दिवसापासून कपाटात होती. आज सोबत पाठवते आहे.

मला क्षमा करा. आराखडा मी जपून ठेवला आहे.

माया


सांगली
२ डिसेंबर २०२३

ती. बाबांस,

दीड महिना झाला. तुमचं पत्र नाही. फोन करत नाही, कारण तुम्हाला आवडत नाही. तुमच्या शेजारच्या नंबरावर केला होता. ते म्हणाले, घरी आहेत, सकाळी दूध आणताना दिसतात. तेवढ्यावर मी थांबले.

दगड अजून कोरा आहे. घाई नाही. कृष्णातनी तो बाजूला उभा करून ठेवला आहे.

दोन ओळी तरी लिहा. रागाच्या असल्या तरी चालतील.

माया


वाई
१४ जानेवारी २०२४

चि. माया हिस,

राग नाही. लाज वाटत होती. त्या दिवशी मातीहून परत येताना गाडीत मी ते वाक्य मनात घोकत होतो. शेजारी कुणी विचारले असते तर सांगितलेही असते की तिथे माझे नाव घेतले. पिता म्हणजे देव हे मी कुठेतरी वाचले असणार. शिकलेला माणूस आहे. पण तिथे उभा असताना ते आठवले नाही. नंतर आठवू दिले नाही.

तू लपवलेस त्याचा दोष धरत नाही. ते तीन महिने बरे गेले.

पुस्तिका वाचली. पाच वेळा पहिल्यापासून सुरू केली. तिसऱ्या पानापर्यंत समजते, पुढे समजत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. मला दुसरे काही करण्यासारखे नाही. गुरुजींनी नको म्हटले, आणि तुमच्या प्रार्थना मला येत नाहीत. तेव्हा पुष्कर जे शिकला ते शिकावे एवढेच हातात आहे.

मागच्या आठवड्यात दादासो आला होता. तो नोकरीत माझी मोजणीची साखळी धरायचा. आता ओझर्ड्याला मुलाकडे असतो. पावट्याच्या शेंगा घेऊन आला आणि इथेच सोलायला बसला. माझ्या हातात पुस्तिका बघून म्हणाला, "साहेब, परीक्षेला बसताय काय?" मी त्याला विचारले, दादासो, तीन पूर्ण वस्तू एक असू शकतात का?

तो म्हणाला, "आवं, आपन जतला व्हतो तवा त्यो शिवंवरचा दगड न्हवता का? तीन गावची शीव मिळायची तिथं. पयल्या गावात इचारलं, दगड कुनाचा? म्हनले आमचा. दुसऱ्यात गेलो, आमचा. तिसऱ्यात बी त्येच. धनगरं तर काठ्या घिऊनच आली व्हती. तुमी नकाशात कुनाच्या दावला?"

मी म्हटले, तिन्ही गावांच्या नकाशात.

"अर्दा अर्दा?"

नाही. प्रत्येकात पूर्ण.

"आन जाग्यावर दगड किती?"

एक.

"मग झालं की. त्यात काय कळाया न्हाई?"

चौतीस वर्षे मी असे दगड तीन-तीन नकाशांत काढत होतो आणि मला हे सुचले नाही. पाळकसाहेबांना हे पटेल की नाही ते माहीत नाही. बहुधा तेही पुरते बसणार नाही. पण निघताना दादासो सहज म्हणाला, "साहेब, त्यो दगड उपटला तर तिन्ही गावचं माप चुकतंय, एकाचं न्हाई." तो गेल्यावर मी त्या वाक्यावर अडलो.

पुस्तिकेत आहे की पिता पुत्राच्या आधी नव्हता. दोघे बरोबरच. पुत्र आहे म्हणून तो पिता आहे. हे मला समजले. मी बाप झालो ४ मार्च १९८७ ला दुपारी, साताऱ्याच्या दवाखान्यात. त्याआधी मी नुसता चिंतामण होतो. मला बाप पुष्करने केले. हे मी नेहमी उलटे धरत आलो. आता माझा प्रश्न असा की मुलगा नसला की बाप कोण असतो? पुस्तिकेत याचे उत्तर नाही. त्यांचा पुत्र तिसऱ्या दिवशी परत मिळाला, म्हणून बहुधा त्यांना लिहावे लागले नाही.

अजून एक आहे. त्या पुत्राने मरताना बापाला हाक मारली आणि बाप काही बोलला नाही, असे सहाव्या पानावर आहे. ते वाचल्यावर मी पुस्तिका मिटली.

माया, तुझा निरोप मला उशिरा मिळाला नव्हता. तू पाठवलास त्याच दिवशी मिळाला. मी तासाभरात पिशवी भरली. साताऱ्याहून सांगलीची गाडी धरली. कऱ्हाडपर्यंत बरा होतो. पेठ नाक्याला गाडी सांगलीकडे वळते. तिथे मला वाटले, खाटेपाशी जाऊन मी काय बोलणार? तो म्हणेल, बाबा, आणि मी म्हणेन, बरं. मी उतरलो. समोरच्या बाजूला जाऊन साताऱ्याची गाडी धरली. घरी येऊन पिशवी रिकामी केली. वाटले, उद्या जाऊ. मग इस्पितळाच्या अकराव्या दिवशी तो गेल्याचे कळले.

तू विचारलेस म्हणून नव्हे, पण आता एकमेकांपासून बाकी काही लपवलेले नको.

चिं. गो. गद्रे


सांगली
५ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,

मागच्या पत्राखाली तुम्ही बाबा लिहिलं नाही. मी मायना बदललेला नाही.

पेठ नाक्याचं वाचून मी पत्र ठेवून दिलं. आठ दिवस उघडलं नाही. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. सातव्या दिवसापर्यंत तो शुद्धीत होता. दारात कुणी आलं की मान वळवायचा. मी त्याला सांगत होते, निरोप पोचला नसेल. मी नर्स आहे. रोज लोकांना अशी उत्तरं देते. त्याला ते माहीत होतं.

हे वाचून तुम्हाला काय होईल ते मला कळतं. लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. नवरा नसला की बायकोला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. कागदावर रकाना असतो. मुलगा गेलेल्या बापाला काय म्हणतात, ते मी आईला विचारलं, पाळकसाहेबांना विचारलं. मराठीत तसा शब्द नाही म्हणाले.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती मी लपवली नव्हती, मला तिचा अर्थच लागला नव्हता.

आम्ही जेवायच्या आधी ते शब्द म्हणायचो. पुष्कर पहिला शब्द गाळायचा. 'पुत्र आणि पवित्र आत्मा' एवढंच म्हणून भाकरी मोडायचा. मी चिडायचे. म्हणायचे, दोनच कसे? तीन आहेत, एक घरी विसरलास काय? तो म्हणायचा, "तू म्हण. तुला देव दिसतो. मी म्हटलं की मला बाबा दिसतात, पेपर वाचताना." पाळकसाहेबांनी त्याला नीट समजावलं, तो पिता वेगळा, हा वेगळा. हा मान डोलवून यायचा आणि संध्याकाळी परत गाळायचा. सहा वर्षं. मला वाटायचं तुमच्यावरचा राग आहे. तसंच धरून मी चालले होते.

तुमचं पहिलं पत्र परत काढून वाचलं तेव्हा कळलं. जी तुमची चूक तीच त्याची. तुम्ही तिथे कुंपणापाशी उभे राहून जे ऐकलंत तेच तो रोज ताटावर ऐकत होता. दोघांना कुणीही सांगितलं तरी त्या शब्दाचा दुसरा अर्थ ऐकूच आला नाही.

शेवटी शेवटी त्याने तो शब्द म्हटला का? म्हटला असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मला माहीत नाही. नळी घातल्यावर त्याला बोलता येत नव्हतं.

कृष्णात विचारत होते, 'पुष्कर गद्रे' एवढंच कोरू का? तुम्ही ठरवाल तसं.

माया


वाई
१८ फेब्रुवारी २०२४

चि. माया हिस,

पत्र गुरुवारी मिळाले. आज रविवार. सकाळी दूध आणले. नळाला पाणी कमी दाबाने होते. दादासोकडून निरोप आला की तो या आठवड्यात येणार नाही, गुडघे दुखतात.

सात दिवस तो दाराकडे पाहत होता, हे तू लिहिलेस ते योग्य केलेस.

दगडाचे. दुसरे काही कोरू नये. पिता, पुत्र वगैरे नको. ते ज्यांचे आहे त्यांच्याकडे राहू द्यावे. नुसते नाव व तारखा. मात्र नाव पूर्ण लिहावे. पुष्कर चिंतामण गद्रे. आपल्याकडे मुलाच्या नावात बापाचे नाव मधे येतेच, त्यात मी माझे म्हणून काही मागत नाही. कृष्णातांनाही अडचण नसावी. बाप जिवंत असला तरी मुलाच्या नावात ते चालते. मधले नाव गाळू नये, एवढीच विनंती आहे. तीन शब्द आहेत, दगडाच्या रुंदीत एका ओळीत बसतील. नवीन आराखडा जोडला आहे.

स्मृतिदिनाला येईन. पेठ नाक्यावर उतरणार नाही असे लिहीत होतो, पण ते लिहून उपयोग नाही. गाडीत बसल्यावर कळेल. तू स्टँडवर येऊ नकोस. मला वाट पाहायला लावण्याचा हक्क नाही.

पुस्तिका सहावे पान ओलांडून पुढे वाचली. समजली नाही. परत करत नाही, राहू दे माझ्याकडे.

आज दुपारी पान वाढून घेतले आणि तुमचे ते शब्द म्हणून पाहिले. घरात कुणी नव्हते. पहिला शब्द म्हणता आला. दुसरा आला नाही. भात निवला होता. तो परत गरम केला, वरून ताक घेतले आणि जेवलो. मग ताट घासून पालथे घातले.

बाबा